तंत्रज्ञ मिळत नाहीत, मिळालेले टिकत नाहीत: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
विचारणारे: कार्यशाळाचालक

नमस्कार. मी गेली ११ वर्षे मोटार दुरुस्तीची स्वतंत्र कार्यशाळा चालवत आहे. गाडी उचलून धरणाऱ्या सहा लिफ्ट आणि सात तंत्रज्ञ एवढा पसारा होता. गेल्या १४ महिन्यांत सातांपैकी तिघे सोडून गेले आणि त्यांच्या जागा अजून भरलेल्या नाहीत. दोन लिफ्ट रिकाम्या असतात आणि बाहेर गाड्यांची रांग मात्र पूर्वीपेक्षा लांब असते, कारण लोक गाड्या जास्त वर्षे वापरू लागले आहेत आणि जुनी गाडी दुरुस्तीला अधिक वेळा येते.

जाहिरात सतत चालू आहे. अर्ज येतात ते दोन टोकांचे. काही जण नुकतेच शिकून बाहेर पडलेले असतात आणि त्यांच्यावर एकट्यावर गाडी सोपवता येत नाही. काहींनी तीन वर्षांत पाच ठिकाणे बदललेली असतात आणि तेही फार काळ राहतील असे वाटत नाही. ज्याला इंजिनाचा आवाज कळतो आणि वायरिंगचा नकाशाही वाचता येतो, असा मधला अनुभवी माणूस मला हवा आहे, आणि तोच मिळत नाही.

आमच्याकडे वेतन ठरावीक तासांच्या पद्धतीने दिले जाते. प्रत्येक कामाला वेळेच्या पुस्तकात जितके तास लावलेले असतात तितक्या तासांचे पैसे तंत्रज्ञाला मिळतात. काम लवकर झाले तर फायदा त्याचा, लांबले तर तोटाही त्याचा. ही पद्धत मला आजवर न्याय्य वाटत आली, कारण मेहनती माणूस तीत जास्त कमावतो. गेलेल्या तिघांपैकी एक दुसऱ्या कार्यशाळेत गेला, एक कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीच्या नोकरीत गेला आणि एकाने हे क्षेत्रच सोडले. यंत्रदेखभालीला गेलेला माणूस आमच्याकडचा विद्युत दोष शोधणारा सर्वांत चांगला हात होता. त्याच्या जाण्याने मला खरोखर धक्का बसला, कारण त्याने कधी तक्रार केली नव्हती.

मला तीन गोष्टींबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. नव्या माणसाला रुजू होताना एकरकमी रक्कम देऊ करावी का? सर्वांचा तासाचा दर सरसकट वाढवावा का? आणि नवशिक्यांना घेऊन शिकवायचे, पण काही वर्षे सोडून न जाण्याचा करार लिहून घ्यायचा, हा मार्ग कितपत योग्य आहे?

उत्तर १
उत्तर देणारे: निवृत्त कार्यशाळा व्यवस्थापक

आपल्या तीन प्रश्नांपूर्वी मला चौथा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर आपल्याच मजकुरात आहे. विद्युत दोष शोधणारा सर्वांत चांगला माणूस आधी का गेला?

ठरावीक तासांची पद्धत कोणत्या कामाला मानवते ते पाहा. ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे भाग, क्लच, टायमिंग बेल्ट या कामांची पायरी न् पायरी माहीत असते. हात बसला की दोन तासांचे काम सव्वा तासात होते आणि तंत्रज्ञाला पूर्ण दोन तास मिळतात. दोष शोधण्याच्या कामाला असे माप नसते. पी०१७१ हा दोषसंकेत स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर आला, तर इंजिनाला इंधनाच्या मानाने हवा जास्त मिळते आहे एवढेच त्यातून समजते. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा आत घेणाऱ्या मार्गात कुठे हवा गळत असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, इंधनाचा पंप दमला असेल किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला फट पडली असेल. यातले नेमके कोणते कारण खरे आहे हे मोजून, तपासून, एकेक शक्यता बाजूला काढत ठरवावे लागते. त्यात कधी अर्धा तास जातो, कधी आख्खी सकाळ. अखेरीस सापडते काय, तर चिरलेली एक रबरी नळी, जी बदलायला पुस्तकात जेमतेम पाव तासाचा मोबदला असतो.

आता अशी प्रत्येक गाडी कोणाकडे जात होती? ज्याला ते काम येते त्याच्याकडे. म्हणजे जो जास्त जाणतो त्याच्या वाट्याला कमी मोबदल्याचे काम, आणि ज्याला फक्त सुटे भाग बदलता येतात त्याच्या वाट्याला भरपूर तास, अशी उलटी वाटणी आपल्या कार्यशाळेत नकळत चालू होती. कंपनीच्या हमीतील दुरुस्त्या करणाऱ्या अधिकृत सेवा केंद्रांत हे आणखी तीव्र होते, कारण हमीतील कामाला मान्य होणारा वेळ ग्राहकाच्या पैशाने होणाऱ्या त्याच कामाच्या वेळेपेक्षा सहसा कमी असतो.

गाड्याही बदलल्या आहेत. बॉश कंपनीने कॅन ही गाडीतील संगणकांमधल्या संदेशवहनाची पद्धत १९८६ मध्ये मांडली. अमेरिकेत १९९६ पासून विक्रीच्या नव्या मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याची प्रमाणित व्यवस्था, सक्तीची झाली. तेव्हा एका गाडीत मोजके नियंत्रक संगणक असत, आज ते कित्येक डझन असतात. काच बदलली की तिच्यामागच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेमकी जुळणी, करावी लागते. या सगळ्यामुळे कामातला हातांचा वाटा कमी होऊन विचाराचा वाटा वाढला, आणि वेतनपद्धत मात्र हातांच्या काळातली राहिली. माणसे कमी पडण्याची कारणे अनेक आहेत, जुनी पिढी निवृत्त होते आहे हेही खरे. पण आपल्या हातात असलेले कारण हे आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, दर वाढवण्याआधी चार आठवडे प्रत्येक तंत्रज्ञाच्या जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदपत्रावर, तीन प्रकारचे तास लिहून ठेवावेत: मोबदला मिळालेले तास, गाडीवर काम करूनही मोबदला न मिळालेले तास, आणि सुटा भाग, परवानगी किंवा लिफ्ट यांची वाट पाहण्यात गेलेले तास. हे लिहिण्याचा हेतू त्यांना आधी स्पष्ट सांगावा, नाहीतर पाळत ठेवली जात आहे असा समज होईल. बहुतेक ठिकाणी असे दिसते की दर पुरेसा असतो. मिळणारे तास पुरेसे नसतात. तसे असेल तर दरात दहावा हिस्सा वाढ करूनही त्या विद्युत तज्ज्ञाच्या हाती काहीच पडणार नाही, कारण ज्या तासांचे पैसे मिळतच नाहीत त्यांचा दर वाढला काय आणि न वाढला काय, त्याला सारखेच.

एकरकमी रकमेबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. त्या रकमेकडे बघून येणारा माणूस पुढच्या रकमेकडे बघून जातो. आणि जे चौघे आपल्याकडे अडचणीच्या काळात टिकले, त्यांना ती रक्कम कधीच मिळालेली नसते. त्यांच्या मनात जे येते ते ते बोलून दाखवत नाहीत.

उत्तर २
उत्तर देणारे: तंत्रज्ञ, १९ वर्षांचा अनुभव

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात गाडीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने थोडी भर घालतो.

सोडून जाताना माणूस खरे कारण सांगत नाही. मीही सांगितले नव्हते. आधीच्या एका ठिकाणी मी आठ वर्षे होतो आणि निघताना चांगली संधी आली आहे एवढेच म्हणालो. खरी गोष्ट अशी होती की, ग्राहकाशी बोलणारे सल्लागार जॉब कार्डवर ‘गाडी आवाज करते’ एवढेच लिहून माझ्याकडे पाठवत असत. कोणत्या वेगाला, थंड असताना की तापल्यावर, वळताना की ब्रेक लावताना, हे काहीही विचारलेले नसे. मग मी गाडी बाहेर काढून फिरवायची, आवाज आला नाही की परत आणायची, पुन्हा ग्राहकाला विचारायला सांगायचे. यात गेलेल्या तासाचा कुणी हिशेब करत नसे. समोरच्या टेबलावर पाच प्रश्न विचारले गेले असते तर माझा तास वाचला असता, आणि हे मी दोनदा सुचवलेही होते. तिसऱ्यांदा सुचवण्याऐवजी मी दुसरी नोकरी शोधली.

माणूस तक्रार करणे थांबवतो तेव्हा तो समाधानी झाला असे मालकाला वाटते. माझ्या अनुभवात ती जाण्याची पहिली खूण असते. आपल्या विद्युत तज्ज्ञाने कधी तक्रार केली नाही असे आपण लिहिले आहे. त्याने सुरुवातीच्या काळात काही सुचवले होते का, हे एकदा आठवून पाहावे.

शरीराचाही विचार व्हावा. पंचविशीत गिअरबॉक्स खांद्याने रेटून बसवता येतो, चाळिशीनंतर पाठ आणि गुडघे त्याची किंमत वसूल करतात. गिअरबॉक्स जॅक नीट चालणारा असणे, लिफ्टखाली पुरेसा उजेड असणे, काँक्रीटच्या जमिनीवर रबरी चटई असणे, उन्हाळ्यात हवा खेळती असणे या गोष्टींना एका रिकाम्या लिफ्टमुळे बुडणाऱ्या कामाच्या मानाने फार खर्च येत नाही. अनुभवी माणूस मुलाखतीला येतो तेव्हा तो आपल्याशी बोलत असतानाच कार्यशाळेकडे पाहत असतो: एअर लाइन गळते का, विशेष हत्यारे जागेवर आहेत का, स्कॅनरचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का.

हत्यारांचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. अनेक देशांत तंत्रज्ञाने आपले पाने, सॉकेट आणि मोजमापाची साधने स्वतःच्या पैशाने घ्यावीत अशी प्रथा आहे, आणि नवा माणूस पहिली काही वर्षे हत्यारांच्या कर्जाचे हप्तेच फेडत असतो. ज्या कार्यशाळेत मूलभूत संच कार्यशाळेचा असतो, तुटलेले हत्यार विनावाद बदलून मिळते आणि दरवर्षी हत्यारांसाठी काही ठरावीक रक्कम दिली जाते, त्या ठिकाणाबद्दल तंत्रज्ञ आपसात चांगले बोलतात. आणि खरे सांगायचे तर आमची भरती या बोलण्यातूनच होते. जाहिरात आम्ही वाचतो, पण विश्वास तिथे काम करणाऱ्या ओळखीच्या माणसावर ठेवतो.

मी सध्या जिथे आहे तिथे आठवड्याला दहा तासांचे चार दिवस असतात. यामुळे मोठे काम अर्धवट टाकून घरी जावे लागत नाही आणि सलग तीन दिवस पाठीला विश्रांती मिळते. याहून थोडा जास्त दर देणाऱ्या दोन ठिकाणांना मी नकार दिला आहे.

उत्तर ३
उत्तर देणारे: मोटारतंत्र प्रशिक्षक

प्रश्नकर्त्यांना हवा असलेला ‘मधला माणूस’ बाजारात का नाही, याचे कारण असे की तो तयार होण्याला पाच ते सात वर्षे लागतात आणि तो तयार होईपर्यंतचा काळ कुणी अंगावर घ्यायला तयार नसते. प्रत्येक कार्यशाळेला तो दुसऱ्याने घडवलेला हवा आहे. म्हणून आपल्याकडे येणारे नवशिके अर्ज बाजूला ठेवू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जर्मनीतील व्यवस्था येथे लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे मोटार यांत्रिक आणि मोटार विद्युत हे दोन वेगळे व्यवसाय २००३ मध्ये एकत्र करून मेकाट्रॉनिक्स तंत्रज्ञ हा एकच व्यवसाय ठरवला गेला, आणि त्याचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. शिकाऊ उमेदवार कार्यशाळेत पगारावर काम करतो आणि त्याच काळात व्यावसायिक शाळेतही जातो. प्रशिक्षणासाठी लागणारी हत्यारे आणि साहित्य मालकाने विनामूल्य द्यावे असे तिथला कायदा सांगतो. तिथेही उमेदवारांची चणचण भासते, त्यामुळे ही व्यवस्था म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध आहे असे मी म्हणणार नाही. पण शिकवणे हा कामाचाच भाग आहे आणि त्याला वेळ व पैसा ठरवून द्यावा लागतो, ही तिच्यामागची समज मला कुठेही लागू होणारी वाटते.

आपल्या वेतनपद्धतीत नेमके हेच अडते. ज्येष्ठ तंत्रज्ञाने शिकाऊ मुलाला अर्धा तास काही समजावले, तर तो अर्धा तास त्याच्या स्वतःच्या पैशातून जातो. मग तो समजावत नाही. मुलाला तेल बदलायला आणि टायर काढायला लावतो. दोन वर्षे तेवढेच केल्यावर तो मुलगा निघून जातो आणि आपण म्हणतो की नव्या पिढीत चिकाटी नाही. माझे शेकडो विद्यार्थी कामाला लागताना मी पाहिले आहेत, आणि चिकाटीचा अभाव हे कारण मला फार थोड्या वेळा दिसले. त्यांना पुढची पायरी दिसत नव्हती, हे मात्र वारंवार दिसले. ज्येष्ठाला शिकवण्याचे तास वेगळे लावून द्या, आणि शिकाऊला पहिले दोन वर्षे ठरावीक तासांच्या पद्धतीत घालू नका, सरळ मासिक वेतन द्या. घाईत शिकलेला हात टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट मोजून आवळण्याचा पाना, वापरत नाही.

पायऱ्या लेखी असाव्यात. कोणती कामे कुणाच्या देखरेखीशिवाय करता आली की वेतन किती वाढेल, हे उमेदवाराला रुजू होण्याच्या दिवशीच माहीत असावे. अमेरिकेत एएसई ही संस्था १९७२ पासून तंत्रज्ञांच्या विषयवार परीक्षा घेते. प्रमाणपत्रासाठी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो आणि ते दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावे लागते. अशी बाहेरची मान्यता उपलब्ध असेल तर परीक्षेचे शुल्क कार्यशाळेने भरावे. विद्युत वाहनांचे प्रशिक्षण तर आता टाळता येणारच नाही. त्यांच्या बॅटरीचा दाब साधारणपणे ४०० व्होल्ट, काहींचा ८०० व्होल्ट असतो, तर वाहनांच्या संदर्भात एकदिश प्रवाहाचे ६० व्होल्टच्या पुढचे सारेच उच्च दाबाचे मानले जाते. पुरवठा तोडणे, कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, रिकामे होईपर्यंत थांबणे आणि दाब शून्य झाल्याचे मोजून खात्री करणे, या क्रमात एकही पायरी गाळून चालत नाही. हे शिकवलेला माणूस आपल्याकडे असणे म्हणजे उद्याचे काम आपल्याकडे असणे.

आता कराराबद्दल. महागड्या बाहेरच्या प्रशिक्षणाचा खर्च वर्षभरात कमी कमी होत जाईल अशा अटीवर परत मागणे समजण्यासारखे आहे. पण शिकाऊला तीन-चार वर्षे बांधून ठेवणारा कागद पाहून चांगला उमेदवार दारातूनच परत फिरतो, आणि सही करणारा मनाविरुद्ध राहिला तर त्याच्या हातून होणारे काम आपल्यालाच निस्तरावे लागते.

निवडीसाठी एक साधी चाचणी सुचवतो. स्टार्टर मंद फिरतो अशी गाडी द्यावी, जिच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट म्हणजे अगदी ठीक आहे. उमेदवार लगेच स्टार्टर बदलू म्हणतो, की स्टार्टर इंजिन फिरवत असताना अर्थच्या केबलच्या (बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला जोडणाऱ्या तारेच्या) दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावून दाब मोजून पाहतो? तिथे एक व्होल्टचा फरक दिसला तर दोष गंजलेल्या जोडात आहे. त्याला उत्तर आले नाही तरी चालेल. मोजून पाहण्याची इच्छा आहे की नाही हे दहा मिनिटांत कळते. चाचणीसाठी दिवसभर थांबवून घेतले तर त्या दिवसाचे वेतन अवश्य द्यावे.

पुन्हा प्रश्नकर्ते
कार्यशाळाचालक

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. चार आठवडे थांबण्याचा धीर नव्हता, म्हणून गेल्या तीन महिन्यांची जुनी जॉब कार्डे आणि हजेरी घेऊन बसलो. जो मजकूर समोर आला तो वाचताना मला वाईट वाटले. सोडून गेलेला विद्युत तज्ज्ञ शेवटच्या महिन्यात १९८ तास कार्यशाळेत हजर होता आणि त्याला मोबदला मिळाला १२१ तासांचा. त्याच महिन्यात ब्रेक आणि सस्पेन्शनची कामे करणाऱ्या, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या तंत्रज्ञाला १८३ तासांचे पैसे मिळाले होते. मी दर महिन्याला या दोन्ही कागदांवर सही केलेली आहे.

त्याने काही सुचवले होते का, हा प्रश्न उत्तर २ मध्ये विचारला आहे. सुचवले होते. दोष शोधण्याच्या कामाचे ग्राहकाला वेगळे बिल लावावे असे तो दोन वर्षांपूर्वी म्हणाला होता, आणि ग्राहक नुसत्या तपासणीचे पैसे देत नाहीत असे सांगून मी विषय संपवला होता. ती अडचण मला आजही खरी वाटते. ती कशी सोडवावी?

निवृत्त कार्यशाळा व्यवस्थापक

ग्राहक ‘तपासणी’चे पैसे देत नाही, कारण त्या शब्दातून स्कॅनर लावून संकेत वाचणे एवढेच त्याच्या डोळ्यांपुढे येते. त्याला आधीच सांगावे की पहिला टप्पा एका तासाचा आहे, त्या तासात अमुक गोष्टी मोजल्या जातील आणि शेवटी त्याला मोजमापांसह लेखी निष्कर्ष मिळेल. दोष त्या तासात सापडला नाही तर पुढच्या टप्प्याची परवानगी त्याच्याकडून घ्यावी. काही ग्राहक जातील. त्यांतले बरेच जण दुसरीकडे अंदाजाने दोन सेन्सर बदलून घेऊन परत येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तोपर्यंत तंत्रज्ञाला थांबवू नका. हजेरीच्या तासांपैकी ठरावीक भागाचे, समजा आठवड्याला ३६ तासांचे, वेतन हमखास द्यावे आणि पुस्तकी तास त्याच्या पुढे गेले तर वरचा मोबदला द्यावा. ग्राहकाकडून वसूल होवो अथवा न होवो, दोष शोधण्याचा प्रत्येक तास त्याच्या खात्यात पडला पाहिजे. तो तोटा काही काळ कार्यशाळेने सोसावा. आज तो तंत्रज्ञ सोसत आहे.

तंत्रज्ञ, १९ वर्षांचा अनुभव

एक गोष्ट राहून गेली. तो विद्युत तज्ज्ञ आपल्याला परत हवा असेल, तर त्याला दर सांगण्यासाठी फोन करू नका. १९८ आणि १२१ हे दोन आकडे घेऊन त्याला प्रत्यक्ष भेटा आणि ते आता आपल्याला दिसले आहेत एवढे सांगा. तो परत येईलच असे नाही. देखभालीच्या नोकरीत त्याला ठरलेल्या वेळा आणि ठरलेला पगार मिळत असेल. पण आपल्याकडे उरलेल्या चौघांशी तो अजूनही बोलत असणार, आणि त्या भेटीची हकिकत त्यांच्यापर्यंत आठवड्याच्या आत पोहोचेल. त्याआधी हमखास तासांचा निर्णय त्या चौघांना लागू झालेला असू द्या.